ग्रुपवर तोच वाद पुन्हा पुन्हा पेटत असेल तर

छंदाचा ग्रुप फोटोग्राफीचा असो, पक्षीनिरीक्षणाचा, बागकामाचा, शाईच्या पेनांचा नाहीतर दुर्बिणींचा, तक्रार एकाच साच्यातली येते. कुणीतरी साधा प्रश्न विचारतं. दोन-तीन चांगली उत्तरं येतात. मग एक शेरा, त्या शेऱ्यावर दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत मेसेजचा असा ढीग साचतो की मूळ प्रश्न काय होता हे शोधायला वर वर जावं लागतं. दोघं-तिघं ग्रुप सोडतात. ॲडमिन ‘कृपया विषयाला धरून बोला’ असं लिहून हात जोडल्याची इमोजी टाकतो. चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तेच. विषय मात्र वेगळा.

अशा ग्रुपांची व्यवस्था मी बरीच वर्षं बघतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. ग्रुपला अवांतर फारसं छळत नाही, छळतं ते अवांतरावरून होणारं भांडण. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बहुतेक ठिकाणी मात्र उपाय पहिल्यावर केला जातो आणि त्रास दुसऱ्याचा असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी मागचं भांडण वाचून काढा

नवे नियम लिहायला बसण्याआधी शेवटचा मोठा वाद पहिल्या मेसेजपासून नीट वाचा. तीन जागा टिपून ठेवा. विषय पहिल्यांदा कुठे सुटला? मुद्दा सोडून माणसावर पहिल्यांदा कुठे बोललं गेलं? आणि खुद्द ग्रुपबद्दल, म्हणजे ‘हे इथे चालतं का’, ‘ॲडमिन आहेत कुठे’ असं पहिल्यांदा कुठे आलं? मग प्रत्येक टप्प्यात किती मेसेज पडले ते मोजा.

नमुन्यादाखल पक्ष्यांच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवरचा एक धागा घेऊ. एक सदस्य घरट्यातल्या पिल्लांना भरवणाऱ्या बुलबुलाचा फोटो टाकते आणि विचारते, ‘पंख पुसट आलेत, शटर स्पीड किती ठेवायला हवा होता?’

पहिलं उत्तर: ‘पंख गोठवायचे तर निदान १/२००० ठेवा, आयएसओ वाढला तरी चालेल.’
दुसरं: ‘सावली दिसतेय, ॲपर्चर पूर्ण उघडा.’
तिसरं: ‘घरट्याचे फोटो काढू नयेत. पालक पक्षी बिथरून घरटं सोडून जातात.’
चौथं: ‘लांबून काढलाय, टेलीलेन्स आहे. उगाच उपदेश नको.’
पाचवं: ‘उपदेश? तुम्हीही घरट्याचे फोटो टाकलेत की मागे.’
सहावं: ‘प्रश्न शटर स्पीडचा आहे. विषय भरकटवू नका.’
सातवं: ‘पक्ष्यांच्या जिवाचा प्रश्न अवांतर कधीपासून झाला?’
आठवं: ‘ठरावीक लोकांनीच बोलायचं असा नियम आहे का इथे?’

तिसरा मेसेज पुन्हा वाचा. त्यात वावगं काहीच नाही. घरट्यापासून लांब राहा, विणीच्या काळात पक्ष्यांना त्रास देऊ नका, हे पक्षीनिरीक्षकांच्या आचारसंहितांमध्ये सर्रास सांगितलेलं असतं. चौथाही अजून मुद्द्याच्या आसपास आहे. पाचव्यात माणूस आला, सहाव्यापासून ग्रुप आला, आणि त्यापुढे पक्ष्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. पुढचे पन्नास मेसेज याच रस्त्याने जातात. जिने प्रश्न विचारला तिला दोन उत्तरं मिळाली आणि बाकी सगळा राडा आपल्या फोटोखाली बघत बसावं लागलं. ती पुन्हा फोटो टाकेल का?

दुरुस्तीची जागा तिसऱ्या मेसेजनंतर लगेच होती, फार तर पाचव्यानंतर. आठव्यानंतर ‘विषयाला धरून बोला’ असं लिहिणं म्हणजे त्याच भांडणात आणखी एक बाजू घेणं.

मुद्दा बरोबर, जागा चुकली: हा प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो

बुलबुलाच्या धाग्यासारख्या प्रसंगात करायचं ते एकच. मुद्द्याला दुसरी जागा द्या, आणि ती आधी तयार करून मग बोला. ‘वेगळा धागा काढा’ असं त्या माणसाला सांगून भागत नाही. तो चिडलेला असतो, त्यात त्याला आणखी काम सांगितल्यासारखं होतं, आणि त्याला ऐकू येतं ते ‘इथून निघा’ एवढंच. धागा तुम्हीच उघडा, त्याचा मेसेज तिथे ठेवा आणि मूळ जागी असं काहीतरी लिहा:

‘घरट्याच्या फोटोंचा मुद्दा सगळ्यांच्याच कामाचा आहे. त्यासाठी नवा धागा उघडलाय, वरचा मेसेज तिथे पहिला ठेवलाय. काय अंतर राखायचं, कधी कॅमेरा बंद करायचा, यावर तिथे लिहा. इथे शटर स्पीडचं पुढे नेऊ: १/२००० ला आयएसओ किती चढला ते कळलं तर आणखी सांगता येईल.’

शेवटचं वाक्य विसरू नका. मूळ प्रश्नाकडे वळण्याचं नुसतं आवाहन वाया जातं, प्रश्नावरचं खरं उत्तर मात्र धागा वळवतं. पुढच्या माणसाला धरायला काहीतरी मिळतं. आणखी एक सांगतो: या मेसेजमध्ये ‘अवांतर’ आणि ‘विषयांतर’ हे शब्द वापरू नका. त्या शब्दांवरूनच सातवा मेसेज पडतो.

वाढदिवस, सुप्रभात, फॉरवर्ड

हे खरं अवांतर. त्रासदायक असतं, पण सोपं असतं. गप्पांसाठी शेजारी एक वेगळा कोपरा द्या. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर कम्युनिटी आल्या, त्याच वर्षी टेलिग्रामवर एकाच ग्रुपात वेगवेगळे विषय मांडायची सोय आली, आणि डिस्कॉर्डची तर रचनाच चॅनेलांची आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण उरलेली नाही. त्या कोपऱ्याला नाव मात्र चांगलं द्या. ‘इतर’ किंवा ‘टाइमपास’ असं नाव दिलं की तिथे जाणं कमीपणाचं वाटतं आणि लोक मुख्य ग्रुपातच बोलत राहतात. ‘शिळोप्याच्या गप्पा’ किंवा ‘कट्टा’ म्हटलं की आपण होऊन जातात. ॲडमिननी स्वतः तिथे अधूनमधून दिसायला हवं.

कधीच न मिटणारे वाद

प्रत्येक छंदाला स्वतःचे असे दोन-चार वाद असतात. रॉ की जेपेग, फिल्म की डिजिटल, हा ब्रँड की तो. हे वाद विषयाला धरूनच असतात, त्यामुळे अवांतराच्या नियमात ते सापडत नाहीत. नवा माणूस निरागसपणे विचारतो आणि जुनी मंडळी आपापल्या जागा घेतात.

यावरचा उपाय इंटरनेटच्या फार जुन्या काळात सापडलेला आहे. युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर कुठली संगणक-प्रणाली चांगली यावरून सतत जुंपायची, तेव्हा ‘ॲडव्होकसी’ असं शेपूट लावलेले वेगळे गट काढले गेले. आपल्या आवडीची बाजू मांडून भांडायचं असेल तर तिथे, आणि मूळ गटात फक्त कामाची प्रश्नोत्तरं. १९८७ च्या सुमारास युजनेटच्या गटांची नव्याने नावं लावली गेली तेव्हा वादग्रस्त विषयांना ‘टॉक’ नावाची आख्खी शाखा मिळाली. वाद संपवायच्या भरीला कुणी पडलं नाही, त्याला घर बांधून दिलं.

त्याहून ठळक उदाहरण ध्वनिप्रेमींचं आहे. महागड्या केबलने किंवा वेगळ्या फाइल-प्रकाराने आवाज खरंच सुधारतो का, हा त्यांचा अजरामर वाद. हायड्रोजनऑडिओ या समूहाच्या नियमावलीतला आठवा नियम सांगतो की आवाजाच्या दर्जाबद्दल दावा केलात तर त्याला आधार द्या, म्हणजे कुठला नमुना वाजतोय हे माहीत नसताना केलेली आंधळी तुलना, वगैरे. हेड-फाय या दुसऱ्या मोठ्या समूहाने नेमकं उलट केलं: आंधळ्या चाचण्यांची चर्चा फक्त ‘साउंड सायन्स’ विभागात, बाकी ठिकाणी लोकांना आपापला अनुभव सांगू द्या. दोन समूहांचे निर्णय एकमेकांविरुद्ध आणि दोन्हीकडे लोक सुखाने छंद जोपासतात, कारण आत पाऊल टाकतानाच माणसाला इथली रीत कळते. तुमच्या ग्रुपचा निर्णय कुठलाही असो, तो लिहिलेला हवा आणि नव्या माणसाला दिसायला हवा. न लिहिलेला निर्णय दर भांडणात नव्याने घ्यावा लागतो.

राजकारण आणि धर्म

‘राजकारण नको’ असा नियम बहुतेक ग्रुपांत असतो आणि तो बहुतेक वेळा तुटतो, कारण त्याची हद्द आखलेली नसते. ड्रोन उडवणाऱ्यांना उड्डाणाचे नियम लागतात, हौशी रेडिओवाल्यांना परवाना लागतो, पक्षी बघणाऱ्यांना संरक्षित जंगलातल्या प्रवेशाचे नियम लागतात. यातलं काहीच छंदाबाहेरचं नाही. मला उपयोगी पडलेली रेघ अशी आहे: नियम काय आहे आणि तो पाळायचा कसा, हे इथे, तो कुणी केला, का केला आणि त्यांना मत द्यावं का, हे इथे नाही. या रेघेवर दोन्ही बाजूंचे लोक सहसा राजी होतात.

काही समूह ठरवून यापुढे जातात. विणकाम आणि क्रोशा करणाऱ्यांच्या रॅव्हलरी या संकेतस्थळाने जून २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या प्रशासनाला पाठिंबा देणाऱ्या मजकुरावर बंदी घातली. त्यासाठी आरपीजीनेट या खेळांच्या समूहाने २०१८ मध्ये केलेल्या धोरणाचा आधार त्यांनी घेतला. त्यावर कौतुकही झालं आणि टीकाही. छंदाचा समूह असूनही असा प्रश्न दारात येतो, एवढं यातून घ्यावं. तो आल्यावर घाईने ठरवण्यापेक्षा शांत दिवशी ॲडमिननी बसून आपलं काय ते ठरवून ठेवलेलं बरं.

‘त्या एकाला काढा, सगळं ठीक होईल’

कधी कधी हे खरं असतं. कुणी वारंवार शिवीगाळ करत असेल, कुणाची खाजगी माहिती टाकत असेल, बायकांना खाजगीत नकोसे मेसेज पाठवत असेल, तर दुसऱ्या संधीचा विचारही करू नका.

पण एरवी आरोपी शोधायची घाई नको. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी एक चाचणी दिली, काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे मूड जाईल अशी. मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितलं. काहींना वर सभ्य प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना खवचट. मूड चांगला आणि वरच्या प्रतिक्रिया सभ्य असलेल्या गटात खवचट लिहिणारे ३५ टक्के निघाले. मूड खराब आणि वरच्याही प्रतिक्रिया खवचट असलेल्या गटात ६८ टक्के. ही सगळी साधी माणसं होती. म्हणजे वरचे चार मेसेज कसे आहेत यावर पाचवा कसा पडेल हे बऱ्यापैकी अवलंबून असतं. माणूस काढून टाकला आणि वरचे चार मेसेज तसेच राहिले, तर पाचवा लिहायला दुसरा कुणीतरी येतो.

म्हणून आधी खाजगीत बोला. चारचौघांत कुणाला टोकलं की त्याला माघार घेता येत नाही. खाजगी मेसेजमध्ये त्याचं नेमकं वाक्य उचलून दाखवा, ‘तुमचा टोन बरा नव्हता’ असं मोघम नको. ‘तुम्हीही घरट्याचे फोटो टाकलेत की मागे, हे वाक्य व्यक्तीवर जातंय, तेवढं काढाल का? मुद्दा नव्या धाग्यावर मांडा, तिथे तो हवाच आहे.’ असं लिहिलं की बहुतेक जण ऐकतात.

ग्रुपबद्दलची भांडणं ग्रुपात नकोत

सगळ्यांत जास्त मेसेज खाणारा टप्पा हाच, आणि त्यावर उपाय सगळ्यांत कमी ठिकाणी केलेला दिसतो. हे चालतं का, ते का चाललं, याचा मेसेज का उडवला, असे प्रश्न रास्त असतात. ते दाबले की राग साठतो. चालू धाग्यात उत्तर दिलं की धागा संपतो. मेटाफिल्टर या जुन्या समूहाने यासाठी २००० साली ‘मेटाटॉक’ हा वेगळा विभाग काढला, समूहाबद्दलची सगळी चर्चा तिथे. स्टॅक एक्सचेंजच्या प्रश्नोत्तरांच्या स्थळांनाही त्याच कामासाठी स्वतंत्र ‘मेटा’ असतं. लहान ग्रुपाला एवढं करायची गरज नाही, एक ओळ पुरते: ‘ग्रुपच्या कारभाराबद्दल काही म्हणायचं असेल तर ॲडमिनना खाजगीत लिहा. एका दिवसात उत्तर मिळेल.’ आणि ते उत्तर खरोखर द्या. उत्तर मिळतं हे कळलं की लोक चारचौघांत विचारायचं सोडतात.

‘विषय भरकटवू नका’ हे सदस्यांनी एकमेकांना सांगणंही याच खात्यात बंद करा. सहावा मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण वादाला नवा फाटा त्यानेच फोडला. त्याने ॲडमिनला कळवायचं आणि शटर स्पीडबद्दल दोन ओळी लिहायच्या.

ज्या वादात ॲडमिन स्वतः बाजू घेऊन बोललाय, तिथे कारवाई दुसऱ्या ॲडमिनने करावी. यासाठी तरी ॲडमिन दोन हवेत.

लिहिलेलं खवचट का वाटतं

१९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ऑनलाइन फलकावर स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गमतीने लिहिलंय हे कळावं म्हणून विरामचिन्हांचा हसरा चेहरा टाकत जा. त्याआधी तिथे विनोद खरा समजून गोंधळ झाला होता. म्हणजे हा आजार जुना आहे. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी तो मोजला. ईमेलवरचं आपलं वाक्य उपरोधाचं आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं.

ग्रुपवर याचा अर्थ असा की समोरचा खवचट बोलतोय असं वाटलं, तर ते खरं असण्याची खात्री तुम्हाला नाही. ‘म्हणजे कसं?’ असं विचारा. निम्मी भांडणं इथेच विरतात, कारण बरेचदा समोरचा मनापासूनच विचारत असतो. आणि ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत त्यांच्याशी उपरोधाने लिहू नका, इमोजी लावूनही नको. रागात लिहिलेलं रात्रभर थांबवून ठेवा, हा सल्ला १९९५ च्या आरएफसी १८५५ या नेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजातही आहे आणि मला त्यात बदल करावासा वाटत नाही.

नियम दाखवा

नियम वर्णनात दडवून ठेवले की ते फक्त कारवाईच्या वेळी बाहेर येतात आणि शिक्षेसारखे वाटतात. जे. नेथन मॅटियस यांनी रेडिटच्या विज्ञान विभागात प्रयोग करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला: चर्चेच्या माथ्यावरच नियम लावले तर नवख्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण ८ टक्के-बिंदूंहून अधिक वाढतं, आणि चर्चेत भाग घेणारे नवखे सरासरी ७० टक्क्यांनी वाढतात. नियम दिसले की लोक बिचकतील ही भीती त्यात खोटी ठरली. काय चालतं हे कळलं की नवा माणूस मोकळेपणी बोलतो.

चार-पाच ओळी पुरेत, आणि त्या ‘हे करा’ अशा लिहा. ‘आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. वेगळा मुद्दा सुचला तर नवा धागा उघडा. मुद्द्यावर बोला, माणसावर नको. कारभाराबद्दल ॲडमिनना खाजगीत लिहा.’

पेटलंच तर

धागा तेवढा बंद करता येत असेल तर तेवढाच करा. टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर ठेवणारा स्लो मोड आहे, तो तासाभरासाठी लावा. कुणाला गप्प न करता वेग उतरतो, आणि भांडण वेगावरच जगतं. व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग आहे, पण तिने निरपराध लोकांचीही तोंडं बंद होतात, म्हणून ती शेवटी, आणि ‘उद्या सकाळी उघडतो’ असं सांगूनच.

मेसेज उडवताना हात आखडता घ्या. शिवी, धमकी, खाजगी माहिती ताबडतोब उडवा. बाकीचं राहू द्या, कारण उडवलेल्या मेसेजवरून नवा वाद होतो आणि त्यात काय लिहिलं होतं हे कुणालाच तपासता येत नाही. जे उडवाल त्याचं कारण एका ओळीत लिहा.

दुसऱ्या दिवशी दोन कामं करा. जिने प्रश्न विचारला होता तिला खाजगीत विचारा की उत्तर मिळालं का, आणि नसेल तर ग्रुपवर पुन्हा टाकायला सांगा. या वेळी पहिलं उत्तर तुम्ही द्या. मग ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी जे फक्त वाचणारे होते, वादात नव्हते, त्यांना एक साधा मेसेज करा. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा असा की ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या १ टक्क्याचा असतो. भांडणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. न बोलता निघून गेलेल्यांना कुणी विचारत नाही, आणि का गेलात असं विचारलं की त्यांच्याकडूनच खरं दुखणं कळतं. त्यांची उत्तरं जमा करा, आणि पुढच्या वेळी नियमांची ओळ बदलायची झाली तर ती त्यावरून बदला.